चुकीचे बटण दाबल्यावर काय होते?

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याला पाच वर्षे पूर्ण झाली. "भाऊजी, नुसता गेम नको, चार अक्षरे शिकवील असे काहीतरी आणा," असे सांगून वहिनींनी खरेदी माझ्यावर सोपवली, आणि सांगलीच्या मारुती रोडवरील तीन-चार दुकानांत अक्षरे शिकवणारी, हातात मावणारी बरीच खेळण्यातली यंत्रे मी बटणे दाबून पाहिली. (पुतण्यालाही सोबत नेले होते, ते शहाणपण होते की चूक, यावर घरात अजून एकमत नाही.)

जवळजवळ प्रत्येक खोक्यावर 'एज्युकेशनल' असे ठळक छापलेले असते. त्या शब्दाची परीक्षा मी एकाच रीतीने घेतली: मुद्दाम चुकीचे उत्तर दिले. एका यंत्राने 'बी' कोठे आहे असे विचारले, मी 'डी' दाबले, तेव्हा भोंगा वाजला आणि तोच प्रश्न पुन्हा आला. पुतण्याने दोन मिनिटांत यातली मेख ओळखली. प्रश्न संपण्याचीही वाट न पाहता त्याने चारही बटणे ओळीने दाबली, त्यांतले एक बरोबर निघताच टाळ्या वाजल्या आणि स्वारी खूश झाली. अक्षर एकही आले नव्हते. 'बी'चे पोट कोणत्या बाजूला आणि 'डी'चे कोणत्या, एवढे दाखवण्याची तसदीही त्या यंत्राने घेतली नव्हती, आणि माझ्या मते अशा यंत्राला शैक्षणिक म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

चुकल्यावर बरोबर काय ते दाखवणे अवघड आहे असेही नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने १९७८ साली आणलेले 'स्पीक अँड स्पेल' हे बोलके खेळणे शब्द उच्चारून त्याचे स्पेलिंग विचारत असे, चुकल्यास आणखी एक संधी देत असे आणि तरीही चुकल्यास बरोबर स्पेलिंग अक्षरागणिक ऐकवत असे.

अमेरिकेतील चुलतबहिणीने घरात पडून असलेला लीपफ्रॉग कंपनीचा लीपस्टर हा मुलांना शिकवणारा हातातला गेम पाठवू का, असे विचारले होते. २००३ साली आलेल्या त्या यंत्राचा पडदा स्पर्शावर चालतो आणि सोबतच्या पेनने त्यावर लिहिता येते, म्हणून मोह झाला. परंतु खेळ बदलायचा तर कार्ट्रिज, म्हणजे खेळ साठवलेली छोटी डबी, बदलावी लागते, यंत्राचे उत्पादन बंद झालेले आहे, आणि शाळेतल्या बाई 'झेड' शिकवत असताना घरात 'झी' म्हणणारे यंत्र आणून मुलाला पेचात टाकणे मला पटेना.

इंटरनेटला जोडावी लागणारी यंत्रे मी पाहिलीच नाहीत. २०१५ साली व्हीटेक या खेळणी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून लाखो मुलांची माहिती चोरीला गेली होती. पाच वर्षांच्या मुलाचे नाव आणि जन्मतारीख कोणत्याही खेळण्याला कळण्याचे कारण नाही. आयएसआय चिन्ह मात्र तपासले, कारण १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. सेलचे झाकण स्क्रूने बंद होते की नखाने उघडते, हेही पाहिले.

शेवटी आणलेले यंत्र दिसायला साधे आहे. चुकल्यावर ते बरोबर अक्षर लुकलुकवते आणि त्याचा उच्चार पुन्हा करते. मराठी त्यात नाही, त्यामुळे बाराखडीसाठी पाटी-पेन्सिल आणि आमची आई आहेच. पुतण्याला ते लुकलुकणे इतके आवडले आहे की, हल्ली उत्तर येत असूनही तो आधी चुकीचे बटण दाबतो.