‘काजूचंच तेल आहे’ म्हणून हात घालू नका

होड्या वर ओढल्या, मासेमारीबंदीचे दोन महिने लागले, की मालवण-देवगड पट्ट्यात फायबरची कामं निघतात. त्याच सुमाराला एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. यंदा माझ्याकडे तो सात जणांकडून आला. थोडक्यात तो असा: होडीला मारायचं नवं इपॉक्सी (फायबरला धरून ठेवणारा, सुकल्यावर कडक होणारा चिकटा) काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनतं, म्हणून नैसर्गिक आणि निर्धोक. डब्यावर कवटी नाही, नुसतं उद्गारचिन्ह आहे, म्हणजे धोका सगळ्यात खालच्या पायरीचा. खाज येते ती उष्णतेची, सवय झाली की जाते. थिनर घालून पातळ केलं की उरलासुरला धोकाही संपतो. हातमोज्यांवर पैसे घालवू नका, खोबरेल पुरतं.

रसायनांच्या डब्यांवरचे इशारे आणि सोबतची सुरक्षा पत्रकं तयार करण्यात माझी बारा वर्षं गेली. हा मजकूर वाचला की मला माझ्या भाच्याचे हात दिसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘काजूपासून बनतं, म्हणून निर्धोक.’ इपॉक्सीचे डबे दोन असतात: रेझिन, म्हणजे मूळ चिकटा, आणि त्याला घट्ट करणारं हार्डनर. त्यातल्या हार्डनरमध्ये काजूच्या तेलातलं कार्डॅनॉल नावाचं द्रव्य असू शकतं. फिनाल्कामाइन जातीची हार्डनरं त्याचीच बनतात आणि दमट हवेतही चांगली सुकतात, म्हणून बोटींच्या कामात चालतात. पण कार्डॅनॉलला अमाइन आणि फॉर्मल्डिहाइड जोडून ती तयार होतात, घाण्यातून काढलेलं तेल डब्यात भरलेलं नसतं. दुसऱ्या डब्यातलं रेझिन बहुतेक वेळा बिस्फेनॉल-ए या कारखान्यात बनणाऱ्या रसायनाच्या घराण्यातलं असतं. त्याचा काजूशी काडीचा संबंध नाही, आणि त्वचेच्या ॲलर्जीसाठी ते जगभर कुप्रसिद्ध आहे.

बरं, सगळं काजूचंच असतं असं धरू. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. आंब्याच्या चिकाने ओठाशी फोड आलेलं पोर प्रत्येक वाडीत सापडेल. माझी वेंगुर्ल्याची मावशी मार्चमध्ये ओले काजूगर सोलायला बसते तेव्हा शेजारी राखेची वाटी असते. दर चार-पाच बियांनंतर ती बोटं राखेत बुडवते. तरीही हंगाम संपेपर्यंत तिच्या अंगठ्याची कातडी कांद्याच्या पातीसारखी सुटलेली असते. हे काम टरफलातल्या तेलाचं. त्यातली ॲनाकार्डिक आम्ल, कार्डॉल आणि कार्डॅनॉल ही अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही वेलीतल्या विषाची सख्खी चुलत भावंडं. 1982 साली पेनसिल्व्हेनियात टरफलाचे तुकडे राहिलेले काजू खाऊन 54 जणांच्या अंगावर त्या वेलीसारखंच पुरळ उठलं होतं. काजूगर नव्हे, टरफल नडलं. निसर्गातून आलं म्हणून त्वचा त्याला सूट देत नाही, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायची गरज पडावी याचंच मला वाईट वाटतं.

‘उद्गारचिन्ह म्हणजे सगळ्यात कमी धोका.’ सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं, कारण ते वरवर पटतं. डब्यांवरची चिन्हं रसायनांचे धोके लेबलावर मांडायच्या संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस पद्धतीतून येतात. ती पहिल्यांदा 2003 मध्ये छापली गेली. तिथे चिन्हं एका शिडीच्या पायऱ्या नाहीत. कवटी असते ती पोटात गेलं, श्वासातून गेलं किंवा कातडीतून भिनलं तर लवकर जीव घेणाऱ्या विषाला. त्वचेच्या ॲलर्जीला कवटी मिळतच नाही, ती कितीही तीव्र असो. तिच्या वाट्याला उद्गारचिन्हच येतं, आणि तेच चिन्ह नुसती चुरचुर करणाऱ्या मालालाही असतं. म्हणून चिन्ह बघून थांबू नका, खालची ओळ वाचा. ‘त्वचेला दाह होतो’ हे एक वाक्य. ‘त्वचेची ॲलर्जी होऊ शकते’ हे वेगळं वाक्य, त्याचा क्रमांक एच 317.

या एच 317 च्याही आत दोन गट आहेत, 1ए आणि 1बी. 2009 च्या आवृत्तीत ते आले. गट ठरवायची एक जुनी चाचणी उंदराच्या कानावर होते: तीन दिवस रसायन लावायचं आणि जवळच्या लसिकाग्रंथीत (शरीराच्या संरक्षक पेशींच्या ठाण्यात) पेशींची वाढ तिप्पट व्हायला किती तीव्रतेचं द्रावण लागलं ते पाहायचं. 2 टक्के किंवा त्याहून कमी पुरलं तर 1ए, जास्त लागलं तर 1बी. माणसांवरच्या नोंदीही बघतात आणि आता प्राण्यांशिवायच्या चाचण्याही आल्या आहेत. सगळीकडे प्रश्न एकच: शरीराला हे रसायन ‘शत्रू’ म्हणून ओळखायला किती थोडं पुरतं? ते किती भाजतं, हा प्रश्नच वेगळा. आणि डब्यावर 1ए असो वा 1बी, चिन्ह तेच, शब्द तोच. फरक फक्त पत्रकात दिसतो, म्हणून दुकानदाराकडून पत्रक मागून घ्या.

दाह आणि ॲलर्जी हा भेद परदेशी लोकांनी काढलेलं खूळ नाही. आपल्या 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात रसायनं आणि रंगांमुळे होणाऱ्या त्वचारोगाचे हेच दोन प्रकार लिहिले होते: थेट दाह करणारी द्रव्यं आणि ॲलर्जी आणणारी द्रव्यं.

‘सवय झाली की जाते.’ नुसत्या दाहाच्या बाबतीत यात थोडं तथ्य आहे. काही जणांची कातडी राठ होते आणि सोसते. ॲलर्जीचं नेमकं उलट. रसायनाचे बारीक रेणू कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात, पहारेकरी पेशी ती जोडी लसिकाग्रंथीत नेऊन दाखवतात आणि दोनेक आठवड्यांत तिला ओळखणाऱ्या टी-पेशींची, म्हणजे शरीराच्या लढाऊ पेशींची, फौज उभी राहते. तोवर बाहेर काहीच दिसत नाही. पुढे कधीही तेच रसायन लागलं की एक ते तीन दिवसांत कातडी पेटते. ही ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही.

माझ्या भाच्याने चार वर्षं उघड्या हातांनी रेझिन लावलं, काही झालं नाही. पाचव्या जुलैत बोटांच्या बेचक्यांत साबुदाण्याएवढे पाणीदार फोड आले, दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे मिटले. कारखानदार म्हणाला, उष्णता आहे, कोकम पी. पंधरा दिवस घरी बसून तो बरा झाला आणि परत गेला. या वेळी त्याने रेझिनला हातही लावला नव्हता. अर्धवट सुकलेल्या फायबरला नुसता पॉलिश पेपर मारला होता. ती धूळ पुरली. त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर वेगवेगळी रसायनं लावलेल्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी काढल्या. इपॉक्सी रेझिनच्या जागेवर रुपयाएवढा लाल, खरखरीत चट्टा उठलेला होता. ‘आम्हाला वीस वर्षांत काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की त्यालाही चार वर्षं काही झालं नव्हतं.

‘थिनरने धोका जातो.’ मिश्रणात 1बी गटाचं द्रव्य 1 टक्का असलं तरी पूर्ण मिश्रण ॲलर्जीकारक धरतात. 1ए असेल तर 0.1 टक्का, म्हणजे किलोला एक ग्रॅम. रेझिन इतकं पातळ करून कोणी होडी बांधत नाही. वर थिनर कातडीचा तेलकट थर धुऊन नेतो आणि आत शिरायला वाट मोकळी करतो. थिनरने हात पुसायची सवय तर आजच सोडा. साबण-पाणी घ्या.

‘खोबरेल पुरतं.’ मावशीची राख चिकट तेल शोषून घेते, म्हणून तिला थोडा तरी उपयोग होतो. खोबरेलाच्या थरातून रेझिन आत जातं. रबराचे पातळ पांढरे मोजेही पुरत नाहीत. नायट्राइलचे जाड घ्या आणि आत चिकटा गेला की फेकून द्या. पूर्ण सुकलेलं इपॉक्सी फारसा त्रास देत नाही, अर्धवट सुकलेलं देतं. घासताना पूर्ण बाह्या आणि मास्क हवाच.

ज्यांच्या मनगटावर मोज्याच्या कडेशी किंवा पापण्यांवर खाज सुरू झाली आहे, त्यांनी दोन्ही डब्यांच्या लेबलांचे फोटो काढून त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं. भाचा पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेला तेव्हा त्याने ते नेले नव्हते, आणि महिनाभर त्याच्यावर गजकर्णाचे उपचार चालले.