एसीतली नोकरी

आमच्या नर्सिंगच्या बॅचच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय: ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, सिस्टरना जोखीमभत्ता हवा की नको. एकीने लिहिलं, "वॉर्डात आम्ही मरतो. ओटीवाल्यांना कसली जोखीम? एसीत उभं राहायचं, नातेवाइकांची कटकट नाही." चौघींनी अंगठे दिले. ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

एसीत उभं राहायचं, कबूल. पण कॉटरी, म्हणजे विजेने मांस कापायची आणि रक्त थांबवायची पेन्सिल, लागली की जो जळका वास सुटतो तो माणसाच्या मांसाचा असतो. त्या धुरात बेंझीन असतं, फॉर्मल्डिहाइड असतं, आणि साधा सर्जिकल मास्क तो अडवत नाही. इकडे इंग्लंडमध्ये आमच्या थिएटरात कॉटरीच्या पेन्सिललाच धूर ओढणारी नळी असते. तिकडे भारतात 12 वर्षं मी तो तसाच हुंगला. हाडांच्या केसला सी-आर्म, म्हणजे एक्स-रेचं यंत्र, चालू, अंगावर शिशाचा जड अ‍ॅप्रन, चार-चार तास एका जागी. घरी गेल्यावर पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या असायच्या. एसीने त्या बसत नाहीत.

आणि सुई. एचआयव्हीच्या रुग्णाची टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण 0.3 टक्के, हिपॅटायटिस बीची, लस न घेतलेलीला, 30 टक्क्यांपर्यंत. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. इकडे 2013 पासून शार्प्सचे, म्हणजे सुया-ब्लेडसारख्या धारदार वस्तूंचे, वेगळे नियम आहेत. टोचली की हातमोजे उतरवायचे, हात वाहत्या पाण्याखाली धरायचा, दुसरी सिस्टर स्क्रब होऊन तिची जागा घेते, ऑक्युपेशनल हेल्थला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विभागाला, फोन जातो. कोणी आवाज चढवत नाही. तिकडेही 2017च्या एचआयव्ही कायद्याने ही जबाबदारी संस्थेवरच टाकलीय.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "तू गेलीस निघून, तुला बोलायला काय जातं?"

लागलं. इथल्या सहकाऱ्यांशी बोलताना मी 'आमच्याकडे' म्हणते ते अजून त्याच ओटीबद्दल. तिथे मी इन्चार्ज असताना एका नव्या मुलीला सुई टोचली. मोज्याच्या आत रक्त पसरताना मला दिसलं. केस अर्ध्यावर, मोकळं कोणी नाही. मी म्हटलं, "वरून दुसरा मोजा चढव, नंतर बघू." ती केस संपली, पुढची लागली. 72 तास तसेच गेले. तिने विचारलं नाही, मीही नाही.

ती त्याच ओटीत आहे. त्या ग्रुपवरही आहे. भत्त्याच्या वादात तिने अजून एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि मी रोज ग्रुप उघडला की आधी तिचंच नाव शोधते.