साहेब, हा एकदम ब्राइट आहे!

ब्राइट नकोय हो मला! किती वेळा सांगू? गेले तीन शनिवार पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, हे एकच वाक्य घोकतोय, आणि समोरचा प्रत्येक जण तोच पांढराफटक एलईडी पेटवून माझ्या डोळ्यांत मारतोय.

माझ्याकडे विल्यम्स या अमेरिकन कंपनीचं ऐंशीच्या दशकातलं पिनबॉल मशीन आहे, उतरत्या टेबलावर स्टीलची गोळी फटकावत खेळायचं. बंद पडलेल्या गेम पार्लरमधून घेतलं, चौघांनी धापा टाकत जिन्यातून वर चढवलं. त्यातले जुने तारेचे बल्ब बदलायचेत, बस्स. हौस नाही ही. ४४ नंबरचा एक बल्ब ६.३ व्होल्टवर २५० मिलिअँपियर खातो. असे डझनावारी बल्ब तापले की मागच्या काचेवरचा रंग पोपडे धरतो आणि कनेक्टर करपतात. माझे करपलेत.

दुकानात '४४ नंबर' म्हटलं की लोक आधी माझ्या चपलेकडे बघतात. म्हणून बल्बच काढून नेला. "हा होय, गाडीच्या पार्किंगचा!" बूड अगदी तेच, दाबून फिरवायचं, दोन कानांचं. बसतोही झकास. पण तो १२ व्होल्टचा! घरी येऊन दहा लावले. दोन मिणमिणले, बाकीचे ढिम्म. परत करायला गेलो तर "इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही, पाटी वाचली नाही का?" पाटी होतीच. पुण्यात माल नसेल एखाद्या वेळी, पाटी असतेच.

मग ऑनलाइन. ६.३ व्होल्ट लिहिलेलं दोनदा वाचून मागवले. पेटले! आणि थरथरायला लागले. मशीनमधल्या सरसकट उजेडाची लाइन एसी, म्हणजे करंट सतत दिशा बदलणारा, आणि या स्वस्त एलईडीत तो एका दिशेला वळवणारा ब्रिजच नाही. अर्ध्या फेरीत पेटणार, अर्ध्या फेरीत विझणार, सेकंदाला ५० वेळा. तारेचा बल्ब तेवढ्यात थंड होत नाही, म्हणून त्याचं पाप झाकलं जातं. एलईडी तत्क्षणी विझतो. दहा मिनिटं खेळलो, डोकं ठणकायला लागलं. वर 'फ्लिकर फ्री' लिहिलेलं, ठळक अक्षरांत!

प्लेफील्डखाली, म्हणजे गोळी फिरते त्या फळीखाली, वेगळाच तमाशा. तिथे आठ बाय आठची जाळी, ६४ दिवे पाळीपाळीने पेटणारे. एलईडीला कणभर करंट गळला तरी पुरतो, त्यामुळे बंद असायला हवेत तेही दिवे भुतासारखे लुकलुकतात. त्याला घोस्टिंगच म्हणतात. "नॉन घोस्टिंग आहेत का?" असं विचारलं, तर विक्रेत्याचं उत्तर आलं, "येस सर, वन इयर वॉरंटी."

रंगाचं तर बोलूच नका. फळीवरच्या लाल प्लॅस्टिक चकतीखाली थंड पांढरा लावला की ती गुलाबी पडते. लालखाली लालच हवा, पिवळीखाली वॉर्म व्हाइट. वॉर्म मागितला तर म्हणे, "पिवळट कशाला साहेब? जुनाट वाटतं." अहो, जुनंच आहे ते! जुनंच दिसायला हवंय मला!

सध्या निम्मे बल्ब तारेचे, निम्मे निळसर. आई म्हणते, "गणपतीत मखराशेजारी ठेव, वेगळं लायटिंग नको." अमेरिकेहून मागवावेत तर बल्बांपेक्षा कुरिअर महाग.

काल परत गल्लीत गेलो. दुकानदाराने मला लांबूनच ओळखलं, खणातून एक नवी डबी काढली आणि हसून म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठी ठेवलाय. त्याच्याहून ब्राइट!"