भाडेकरू राहत असलेलं घर दाखवताना : एका घरमालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात माझं म्हणणं एवढंच होतं. भाड्यानं दिलेलं घर विकायला काढलं, तरी गिऱ्हाइकाला घेऊन येण्याआधी भाडेकरूला कळवावं, त्याची सोय विचारावी, आणि तो घरात नसताना दुसऱ्या किल्लीनं कुलूप काढू नये. त्यावर इथं बेळगावातूनच 'एक घरमालक, टिळकवाडी' अशा नावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली. तिच्यातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं देते : "घर माझं, घरपट्टी मी भरतो, आणि माझ्याच घरात पाऊल टाकायला मी भाडेकरूची परवानगी मागू? बाई, आधी एक घर बांधून बघा, मग लिहा."

आधी या 'बाई, आधी घर बांधून बघा'बद्दल बोलू. एकाच प्रतिक्रियेत तुम्ही हे दोनदा लिहिलंय, म्हणजे रागाच्या भरात निसटलेलं नाही. साहेब, घर बांधलेल्यांनीच भाडेकरूंबद्दल बोलायचं असेल, तर भाडेकरूंनी कधी बोलायचं? तुमचं नाव मला माहीत नाही, तुमच्याबद्दल मी एक शब्दही वावगा लिहिला नव्हता. तरी 'फुकटे', 'डोक्यावर बसवलेले', 'घर बळकावणारे' हे सगळे शब्द तुम्ही वापरलेत. दरमहा भाडं मोजणारा माणूस फुकटा कसा? डिपॉझिट तर तुमच्याकडे आगाऊच पडून असतं. हे शब्द तुमच्या घरात राहणाऱ्या कुटुंबानं वाचले असतील तर त्यांना काय वाटलं असेल, याचा तरी विचार व्हायला हवा होता.

आणि मी ऐकीव लिहीत नाही. माझं लहानपण बेळगावातल्याच वडगावात भाड्याच्या घरात गेलं. पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागच्या खोलीत आम्ही सगळे. मालकांनी घर विकायला काढलं आणि एजंट वेळी-अवेळी माणसं आणायला लागला. माणसं आली की वडील मोटर बंद करायचे. आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून एजंटच तसं सांगायचा. आई सुताच्या कांड्या भरत बसलेली असायची, तिला उठून कोपऱ्यात उभं राहावं लागायचं. एकदा गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या पोरानं ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या दोऱ्यांना, हात घातला आणि दोरे तुटले. एकेक दोरा जोडत वडील रात्रीपर्यंत बसले. मजुरी साडीवर मिळायची, म्हणजे त्या दिवसाचं नुकसान आमचं. एजंटचं नाही, मालकांचंही नाही. कुणीतरी आमच्या देवघराची फळी वर उचलून भिंतीत ओल आहे का तेही बघितलं. आईला कुणी विचारलं नाही. घर बांधून बघितलं नसेल मी, पण बघायला येणाऱ्यांसमोर उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे.

आता तुमचं वाक्य. 'घर माझं' हे शंभर टक्के खरं. उतारा तुमच्या नावावर, घरपट्टी तुमच्या नावावर, विकायचा हक्क तुमचा. तो हक्क कुणी भाडेकरू अडवू शकत नाही आणि अडवावा असं मी कुठंही लिहिलेलं नाही. पण भाड्यानं देताना तुम्ही घराचा ताबा देता. मालकी तुमच्याकडे राहते, ताबा भाडेकरूकडे जातो, आणि दारातून आत कोण येणार हा प्रश्न ताब्याचा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ वाचा. भाडेकरू भाडं देत असेल आणि अटी पाळत असेल, तर मुदतीत त्याला विनाअडथळा राहू द्यायचं, हे मालकानं कबूल केलंय असंच तो कायदा धरतो. त्याच कलमात पुढं असंही आहे की घराची स्थिती बघायला मालकाला किंवा त्याच्या माणसाला वाजवी वेळी आत येऊ द्यावं. छप्पर गळतंय का, भिंतीला तडा गेलाय का, हे बघायला जरूर या. पण तिथं खरेदीदारांची रांग लावण्याबद्दल एक अक्षर नाही. ती मुभा हवी असेल तर करारात लिहून घ्यायची, नाहीतर भाडेकरूला विचारायचं. तिसरी वाट नाही.

करारात लिहून घ्यायचं म्हणताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार कोर्टाच्या आसपास टाइप करून घेतात, बहुतेक वेळा कन्नडमध्ये, आणि मराठी घरातला भाडेकरू 'इथं सही करा' म्हटलं की सही करतो. मालकाला केव्हाही आत येता येईल, असं एखादं कलम त्यात असलं तर ते त्याला गिऱ्हाईक दारात उभं राहिल्यावर कळतं. म्हणून सही करण्याआधी करार कुणाकडून तरी वाचून घ्या. शहापूर, अनगोळ, खानापूर, निपाणी, जिथं कुठं राहत असाल तिथं.

'कर्नाटकात भाडेकरूला असा काही हक्कच नाही' असं तुम्ही छातीठोक लिहिलंय. कर्नाटक भाडे कायदा १९९९ चा आहे आणि महिना साडेतीन हजारांवरच्या भाड्याला तो लागू होत नाही, हे खरं. त्यामुळे टिळकवाडी-हिंदवाडीतली बहुतेक घरं त्याच्या बाहेर पडतात. पण बाहेर पडली म्हणजे ती बेवारस होत नाहीत. तिथं वर सांगितलेला १८८२ चा कायदा लागतो. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात तर मालकानं आत येण्याआधी किमान २४ तास लेखी किंवा मोबाइलवरून कळवावं आणि सूर्योदयाआधी किंवा सूर्यास्तानंतर येऊ नये, असं स्पष्ट म्हटलंय. तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय बंधनकारक होत नाही. पण वाजवी वेळ म्हणजे काय, हे त्यावरून कुणालाही कळावं.

तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे. काही भाडेकरू मुद्दाम दार उघडत नाहीत, गिऱ्हाइकासमोर घराची नालस्ती करतात, घर सोडायचे पैसे मागतात. ते चुकीचं आहे. मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्याच्या बिलासाठी घर विकणाऱ्याची अडचण मला दिसते. पण त्याचा उपाय दुसरी किल्ली नाही.

त्या किल्लीचं आता नवं रूप निघालंय. अनगोळमध्ये भाड्यानं राहणाऱ्या एका नर्सताईंनी मला कळवलं. त्यांची रात्रपाळी असते, दिवसा झोपतात. त्या ड्युटीवर असताना एजंटनं आत जाऊन मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि घरविक्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यात दोरीवर वाळत घातलेले त्यांचे कपडे, मुलीचा युनिफॉर्म, भिंतीवरचं शाळेचं वेळापत्रक, सगळं दिसतंय. ती पोर कुठल्या शाळेत किती वाजता जाते हे अनोळखी माणसांच्या मोबाइलमध्ये गेलं. यावरही तुम्ही 'घर माझं' एवढंच म्हणणार आहात का? कपडे तुमचे नाहीत, पोरही तुमची नाही.

घर विकलं की भाडेकरूनं लगेच निघावं, हेही तुमच्या प्रतिक्रियेत आहे. त्याच १८८२ च्या कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे नवा मालक जुन्याच्या हक्कांबरोबर जबाबदाऱ्याही घेतो. महिन्याच्या भाड्यावर राहणाऱ्याला घर सोडायला सांगायचं तर कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटिशीनंतरही तो हलला नाही तर कोर्टात जायचं. सामान रस्त्यावर काढलंत, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून भाडेकरू ताबा परत मागू शकतो.

तुम्ही प्रतिक्रियेत सांगितलेल्या, कोल्हापुरातल्या तुमच्या मामांच्या पागडीवाल्या भाडेकरूचा इथं काही संबंध नाही. तिथला कायदा महाराष्ट्राचा. सीमाप्रश्न, महानगरपालिका आणि माझं शिक्षण यावर तुम्ही जे लिहिलंय त्याला मी उत्तर देणार नाही.

करायचं काय, ते सांगते. रविवारी दुपारी चार ते सहा अशी एक वेळ भाडेकरूशी बोलून ठरवा. येणारी गिऱ्हाइकं त्याच वेळेत आणा, आदल्या दिवशी मेसेज करा. घराची किंमत ठरवणारा बँकेचा व्हॅल्युअर आणि वास्तू बघणारा यांनाही तेवढ्यातच बोलवा. फोटो काढायचे तर भाडेकरूला सामान आवरायला वेळ द्या. एवढं केलंत तर बहुतेक भाडेकरू स्वतः दार उघडून चहासुद्धा विचारतील. आणि पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावानं लिहा. 'बाई'वरून सुरू होणारी पुन्हा आली तर मी ती इथं ठेवणार नाही.