विंचवाचा एच-इंडेक्स

मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी म्हटलं की लोकांना वाटतं हा दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारत बसत असेल. खरं सांगतो, माझा अर्धा दिवस डॉक्टरांचे आकडे काढण्यात जातो. प्रमोशन आलं, कुठला फॉर्म भरायचा झाला की फोन, 'दादा, माझा एच-इंडेक्स काढून ठेवा ना, स्कोपसचा पण आणि गुगल स्कॉलरचा पण, जो मोठा येईल तो टाकू.' (दोन्ही म्हणजे कोणाच्या पेपरचा उल्लेख किती जणांनी केला ते मोजणाऱ्या साइट्स. गुगल स्कॉलरचाच मोठा येतो, त्यांनाही माहितीय.)

एच-इंडेक्स १० म्हणजे तुमचे १० पेपर (संशोधन लेख) असे, की प्रत्येकाचा हवाला (सायटेशन) दुसऱ्यांनी निदान १० वेळा दिलाय. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने काढलेला हा हिशोब, आणि आपण तो हाडवाले, डोळेवाले, बाळंतपणवाले सगळ्यांना सरसकट लावून मोकळे.

तर परवा एक पीजीचा मुलगा म्हणाला, सर तुम्ही महाडच्या त्या विंचूदंशावाल्या बावस्कर डॉक्टरांचं एवढं सांगता, पण त्यांचा एच-इंडेक्स किती हो? कॉम्प्युटर समोर होता, दोन मिनिटांचं काम. नाही काढला. मुद्दाम.

माझं गाव पोलादपूरकडचं, महाडच्या शेजारचं. भातकापणीच्या दिवसांत भाऱ्यात, पेंढ्यात हात घातला की लाल विंचू डसायचा, मग कोण मांत्रिकाकडे विंचू उतरवायला पळायचं, कोण डॉक्टरकडे, आणि डॉक्टरकडेही तेव्हा खास काही इलाज नव्हताच. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले आणि त्यांनी एक साधी गोष्ट केली, पेशंटच्या उशाशी बसून काय काय होतं ते लिहून काढलं. उलटी, दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, मग बीपी चढतं, हार्ट थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं आणि माणूस जातो. १९८२ ला हे लॅन्सेट या जगातल्या नावाजलेल्या मेडिकल मासिकात आलं, लेखक एकटे तेच. १९८६ ला परत लॅन्सेट, यावेळी प्राझोसिन, म्हणजे बीपीची एक साधी स्वस्त गोळी. विषाने शरीरात जे वादळ उठतं ते ही गोळी थोपवते. १९८३ पर्यंत गंभीर दंशाच्या शंभरातले पंचवीस-तीस पेशंट दगावायचे, प्राझोसिन आल्यावर ते प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं.

आणि मला सगळ्यात आवडतो तो २०११ चा बीएमजे या ब्रिटिश मेडिकल मासिकातला पेपर. लेखक दोनच, डॉक्टर आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी. ७० पेशंट, निम्म्यांना नुसती प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि सोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविष (अँटिव्हेनम). दहा तासांत पूर्ण बरे झाले ते प्रतिविषवाल्यांत ३५ पैकी ३२, नुसत्या गोळीवाल्यांत ३५ पैकी ८. म्हणजे ज्या गोळीने नाव झालं तिच्यापुढे जाणारा इलाज स्वतःच ट्रायल करून छापला, हे किती जणांना जमेल?

आता सायटेशन कोण देणार? हवाला द्यायला त्याच विषयावर दुसरं कोणीतरी लिहावं लागतं. विंचू डसतो शेतात राबणाऱ्याला, त्यावर बोस्टनमध्ये कुठली लॅब चालणार आणि पैसे कोण घालणार! उलट कोरोना बघा. लॅन्सेटचा इम्पॅक्ट फॅक्टर (म्हणजे मासिकातल्या एका लेखाला सरासरी किती हवाले मिळतात तो आकडा) ७९ होता, एका वर्षात २०२ झाला आणि लाट ओसरली तसा परत उतरला. मासिक तेच, फक्त सगळं जग एकाच आजारावर लिहीत होतं. शिवाय हवाला म्हणजे शाबासकी असंही नाही, वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरचा तो १९९८ चा, लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा पेपर, अवघ्या १२ मुलांवरचा, लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला, पण त्याचे हवाले ढीगभर, त्यातले कितीतरी तर 'हे चूक आहे' म्हणणारे. मशीनला काय, तेही सायटेशनच.

आकडे नकोतच असं मी म्हणत नाही हां, माझी भाकरी त्यावरच आहे. २०१६ मध्ये डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी मोजलं होतं, देशातल्या ५७९ मेडिकल संस्थांपैकी ३३२ मधून दहा वर्षांत एकही पेपर नाही! असं काही दाखवायला मोजायलाच हवं. पण दुसरी बाजूही आहे, प्रमोशनला पेपर सक्तीचे केले आणि पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या मासिकांची दुकानं जोरात. माझ्याकडे एक जण यादी घेऊन आले होते, सगळे पेपर एकाच वर्षाचे, प्रमोशनच्या आदल्या. विचारलं, यातला तुमचा कुठला? हसले आणि म्हणाले, 'सगळ्यांत नाव आहे ना.'

त्या पोराला मी १९८२ चे ते तीन पानी प्रिंट काढून दिले. संध्याकाळी परत आला, म्हणे सर, आयसीयू नाही, इको (हृदयाची सोनोग्राफी) नाही, यांनी हे सगळं ओळखलं कसं? चांगला अर्धा तास बोलत बसलो आम्ही.

बाकी काय, बाहेर मॅडम फॉर्म घेऊन थांबल्यात. गुगल स्कॉलरचाच टाकतो.