हॉरर फिल्मच्या टायटलमधून रक्त टपकलंच पाहिजे का?

आपल्या नागपुरातल्या कॉलेजच्या पोट्ट्यापोट्टींच्या हॉरर शॉर्टफिल्म्स मी आवडीने बघतो, मेहनत दिसते, पण टायटल आलं की जीव हळहळतो. काळ्यावर लालभडक अक्षरं अन् शिरोरेषेवरून टपकणारं रक्त. राजेहो, गोष्ट आपल्या महाल भागातल्या बंद वाड्याची, अख्ख्या फिल्ममध्ये कोणाला साधं खरचटत नाही, मग टायटलमध्येच काऊन खून पाडता?

लाल रंग लॅपटॉपवर भारी दिसतो, मान्य. पण प्युअर लालचा उजेड पांढऱ्याच्या जेमतेम 21 टक्के असतो, त्यात कॉलेजच्या हॉलमध्ये पूर्ण अंधार कधी होतच नाही, काळा राखाडी होतो अन् लाल त्यात बुडून जातो. यूट्यूबवर टाकलं तर अजून पंचाईत, कारण कॉम्प्रेस होताना उजेडाचे तपशील बरेचसे टिकतात पण रंगाचे पाव हिश्शावर येतात, म्हणून लाल अक्षरांच्या कडा फाटतात आणि अनुस्वार, रफार आधी जातात. त्यापेक्षा मळकट पांढरा घ्या, जुन्या चुन्याच्या भिंतीचा असतो तसा. 'रोझमेरीज बेबी' (1968) ची टायटल्स तर गुलाबी आहेत, वळणदार अक्षरात, आणि त्या गोडव्यानेच अस्वस्थ व्हायला होतं.

फॉन्टचं म्हणाल तर नेटवरच्या बहुतेक फुकट हॉरर फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच, सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं. अडोबी प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्ट इंजिन (अक्षरं जुळवणारी सेटिंग) साऊथ एशियनवर नसेल तर वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं तुटतात. फुकटात चांगलं पाहिजे असेल तर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'जैनी' बघा, जैन कल्पसूत्राच्या जुन्या हस्तलिखितांवरून केलाय, काय वळण आहे त्याला!

पण माझं ऐकाल तर अक्षर गोष्टीच्या घरातूनच उचला. आजीकडचा पितळी गंज, म्हणजे पातेलं, बाहेर काढा, काठाखाली नाव टाकलेलं असेल, बारीक ठिपक्याठिपक्यांनी, शिरोरेषा जराशी वाकडी, शेवटचं अक्षर जागा संपली म्हणून दाटीवाटीने बसवलेलं. ज्याचं नाव तो माणूस कधीचाच गेलेला असतो आणि गंज अजून रोज घासला जातो. हॉररला अजून काय पाहिजे? बाजूने टॉर्च मारून फोटो काढा, त्याच ठिपक्यांत तुमच्या फिल्मचं नाव बसवा, वरून ग्लो नको, थरथर नको, अन् आवाज न करता पडद्यावर राहू द्या.

कोणाला ट्रेसिंग जमत नसेल तर फोटो इनबॉक्सला टाका, आपण बसून करू.