हमीपत्रावरची सही आणि पाळणाघराची जबाबदारी

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्यात म्हटले आहे की, पाळणाघरांसाठी आपल्याकडे कायदाच नाही. ‘मुलाला काही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ अशा हमीपत्रावर आईवडिलांनी प्रवेशाच्या वेळी सही केली की त्यांना बोलायला जागा उरत नाही. एखाद्या मावशीने मुलाला मारले तर तो तिचा एकटीचा गुन्हा असतो. कॅमेरे बसवले की चालकांचे कर्तव्य संपते. आणि प्रकरण पोलिसांत नेले तर बदनामी मुलाचीच होते, म्हणून मुकाट्याने पाळणाघर बदलावे. लिहिणाऱ्याचा हेतू कदाचित सावध करण्याचा असेल. पण हा मजकूर वाचून जखमी मुलाचे आईवडील घरी गप्प बसतात आणि निष्काळजी चालक निर्धास्त होतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहणे आवश्यक आहे.

‘कायदाच नाही’ या दाव्यात थोडे तथ्य आहे, आणि ते आधी मान्य केले पाहिजे. खाजगी पाळणाघर सुरू करण्यासाठी परवाना, जागेची तपासणी आणि मुलांच्या संख्येनुसार मदतनीस बंधनकारक करणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात नाही. बाल न्याय अधिनियमातली नोंदणीची सक्ती बालगृहे, निरीक्षणगृहे अशा संस्थांसाठी आहे. संध्याकाळी घरी परतणारी मुले सांभाळणारी जागा त्या व्याख्येत बसत नाही. मात्र परवान्याचा कायदा नाही यावरून जबाबदारीचाही कायदा नाही असा निष्कर्ष काढणे साफ चूक आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ७५ नुसार ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात किंवा नियंत्रणाखाली मूल आहे, अशा कोणीही त्याला मारहाण केली, त्याचा छळ केला, त्याला सोडून दिले किंवा त्याच्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केले आणि त्यातून मुलाला विनाकारण शारीरिक वा मानसिक त्रास होण्याचा संभव असला, तर ३ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हेच कृत्य मुलांची काळजी ज्या संस्थेवर सोपवलेली आहे तिच्या कर्मचाऱ्याने किंवा चालकाने केले, तर शिक्षा ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड इतकी वाढते. त्या वागणुकीमुळे मुलाला अपंगत्व किंवा मानसिक आजार आला, तर किमान ३ आणि कमाल १० वर्षांची सक्तमजुरी आहे.

या कलमाचा आधार मुलाचा ताबा हा आहे. पाळणाघराच्या दारावर कोणती पाटी आहे, त्याची नोंदणी झाली आहे की नाही, ते सोसायटीतल्या दोन खोल्यांत एखादी काकू चालवते की मोठी कंपनी, यावर मूळ गुन्हा अवलंबून नाही. ‘आमचे घरगुती पाळणाघर आहे, आम्हांला हे लागू नाही’ असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. शिवाय लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या, म्हणजे पॉक्सो कायद्याखालच्या २०२० च्या नियमांत पाळणाघरांचा नाव घेऊन उल्लेख आहे. मुलांच्या संपर्कात येणारा कर्मचारी कायम असो वा कंत्राटी, त्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करणे आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. पडताळणीचा दाखला मागणाऱ्या पालकाकडे संशयी माणूस म्हणून पाहिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. तो पालक नियमात लिहिलेलीच गोष्ट विचारत असतो.

सर्वांत जास्त नुकसान हमीपत्राच्या दाव्याने केले आहे. गुन्हा हा राज्याविरुद्धचा अपराध असतो, त्यामुळे तो घडण्याआधीच माफ करण्याचा अधिकार आईवडिलांना नाही. कोणत्याही छापील अर्जावर सही घेतल्याने मुलाला मारण्याची, उपाशी ठेवण्याची किंवा एकटे कोंडण्याची परवानगी मिळत नाही. निष्काळजीपणाचेही तेच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास ५ वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि कलम १२५ प्रमाणे इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात येईल असे बेपर्वा वर्तन हा स्वतंत्र गुन्हा आहे. पाण्याने भरलेल्या बादलीजवळ रांगते मूल सोडून मदतनीस निघून गेली, तर न्यायालय तिने आणि संस्थेने कोणती काळजी घ्यायला हवी होती हे पाहील. पालकांनी जूनमध्ये कशावर सही केली होती, याने ती काळजी घेण्याचे बंधन टळत नाही.

नुकसानभरपाईच्या बाबतीतही सही वाटते तितकी बळकट नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार अवैध ठरतो आणि कलम २८ नुसार कोणाचा न्यायालयात दाद मागण्याचा हक्कच काढून घेणारी अट निरर्थक असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील उणिवेच्या व्याख्येतच निष्काळजीपणाचा समावेश आहे, आणि ग्राहकावर एकतर्फी लादलेल्या अन्याय्य कराराला आव्हान देण्याची सोयही आहे. इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाहीत असे निर्णय झालेले आहेत, त्यामुळे प्ले-स्कूलला जोडून चालणारे पाळणाघर ‘आम्ही शिक्षण देतो’ असा बचाव घेऊ शकते. म्हणून सांभाळण्याच्या शुल्काची वेगळी पावती घेऊन ठेवावी. दर महिन्याला पैसे घेऊन मूल सांभाळणे ही सेवा नाही, असे म्हणणे मग त्यांना अवघड जाईल. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत २ वर्षांची असते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दुखापत मुलाला झालेली असते आणि भरपाईचा दावाही मुलाचा असतो. सही आईने किंवा वडिलांनी केलेली असते. मुलाच्या वतीने वाद-मित्र, म्हणजे त्याच्यासाठी न्यायालयात उभी राहणारी सज्ञान व्यक्ती, दावा दाखल करू शकतो, आणि मुदत कायद्याच्या कलम ६ नुसार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, व्यक्तीची दावा करण्याची मुदत ती सज्ञान होईपर्यंत सुरू होत नाही. बाळाचा हा हक्क प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेल्या एका ओळीने संपतो, असे मानायला कायद्यात कसलाही आधार नाही.

‘मावशीचा वैयक्तिक गुन्हा’ या दाव्यात फौजदारी आणि दिवाणी या दोन जबाबदाऱ्यांची गल्लत झाली आहे. मारहाण मदतनिसाने केली म्हणून मालकावर आपोआप फौजदारी गुन्हा सिद्ध होत नाही, हे खरे आहे; त्याचा स्वतःचा सहभाग किंवा जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष दाखवावे लागते. पण कामावर असताना नोकराने केलेल्या निष्काळजीपणाची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्या न्यायालयांत पक्के रुजलेले आहे. मे १९९५ मध्ये पठाणकोटच्या बाजूच्या एका शाळेची सहल हिमाचल प्रदेशात गेली असता १४ विद्यार्थी बियास नदीत बुडून मरण पावले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिक्षकांच्या निष्काळजीपणासाठी शाळेला जबाबदार धरले आणि प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपयांची भरपाई कायम केली. शाळेतल्या मुलांना निदान धोका ओळखता येतो, हाक मारता येते. वर्षभराच्या बाळाला तेही येत नाही, त्यामुळे त्याला सांभाळणाऱ्याकडून जास्तच काळजीची अपेक्षा धरली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर चालकावर स्वतंत्र फौजदारी जबाबदारी आहे. पॉक्सोच्या कलम १९ नुसार असा प्रकार कळताच पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य संस्थेच्या प्रमुखाने कळवले नाही, तर कलम २१ नुसार १ वर्षापर्यंत कारावास आणि दंड आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तेव्हा सफाई कर्मचाऱ्यापुरती कारवाई थांबली नाही. माहिती न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर आणि मुख्याध्यापिकेवरही गुन्हा दाखल झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ‘आधी आम्ही आतल्या आत चौकशी करतो’ असे सांगून दिवस घालवण्याची मुभा या कायद्यात कोणालाही दिलेली नाही.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात लिहितो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण ज्या चित्रणातून जगासमोर आली, ते तिथल्याच कॅमेऱ्याने टिपलेले होते. म्हणजे कॅमेरा होता, तरीही मारहाण झाली. तो चालू असताना त्याकडे पाहून थांबवणारे कोणी नव्हते. कॅमेऱ्याचा उपयोग पुरावा म्हणून आहे, आणि तोही चित्रण जपले तरच, कारण बहुतेक यंत्रांत जुन्या चित्रणावर काही दिवसांनी नवे चित्रण चढते. मुलाच्या अंगावर वळ दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून नोंद करून घ्यावी आणि त्या दिवसाचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी चालकाकडे करून पोच घ्यावी. त्यानंतर चित्रण मुद्दाम नष्ट केले गेले, तर पुरावा नाहीसा करण्याचा वेगळा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली लागू शकतो.

बदनामीची भीती मात्र मी हलकी मानत नाही, कारण आपल्या समाजात ती खरी आहे. म्हणूनच कायद्याने तिची तरतूद केली आहे. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ आणि पॉक्सोचे कलम २३ यांनी मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे, आणि तो गुन्हा आहे. गटांमध्ये ‘या बाळाला न्याय द्या’ म्हणून चित्रफीत पाठवणारे सद्‌हेतूने का होईना, पण तेच करत असतात. ते त्यांनी थांबवावे. तक्रारीसाठी १०९८ आणि ११२ हे क्रमांक आहेत, जिल्ह्याची बाल कल्याण समिती आहे, राज्याचा बालहक्क संरक्षण आयोग आहे. मुकाट्याने पाळणाघर बदलल्याने आपले मूल वाचते हे खरे, परंतु त्याच मावशीच्या हाती उरलेल्या मुलांचे आईवडील रोज सकाळी नेहमीसारखा डबा भरून देत राहतात.

त्या मजकुराच्या शेवटी आणखी एक वाक्य असते: कायदे कडक केले, तर पाळणाघरे बंद पडतील आणि नोकरी करणाऱ्या आयांचे हाल होतील. या काळजीला उत्तर दिले पाहिजे, कारण परवडणारे पाळणाघर नसल्याने कित्येक बायका नोकरी सोडतात. पण सोय आणि सुरक्षितता या गोष्टी एकमेकींच्या आड येतात, असे मानण्याचे कारण नाही. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेतून अंगणवाडीला जोडून पाळणाघरे चालवली जातात. खाजगी पाळणाघरांसाठीही नोंदणी सक्तीची असावी, ती महानगरपालिका किंवा नगरपालिकेकडे नाममात्र शुल्कात व्हावी, एका मदतनिसाकडे वयोगटानुसार किती मुले असावीत ही मर्यादा ठरावी आणि वर्षातून किमान एकदा न कळवता तपासणी व्हावी, एवढीच मागणी आहे. दोन खोल्यांत प्रामाणिकपणे सहा मुले सांभाळणाऱ्या काकूंना यातले काहीच जड नाही.